केबिन हलवायची आहे? आधी नवी जागा तयार करा

नाशिकच्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. काही वर्षांपूर्वी गिरणाऱ्याजवळ भावाच्या शेताच्या कडेला त्यांनी आणि त्यांच्या यजमानांनी वीस बाय दहा फुटांची पोर्टा केबिन बसवली. लोखंडी सांगाडा, पफ पॅनलच्या (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या) भिंती, आत एक खोली, छोटा ओटा आणि टाइल्स लावलेलं न्हाणीघर. पुढे त्यांनी हौसेने पत्र्याची पडवी काढली, कडेने बसायचा कट्टा बांधला, तुळस लावली. आता भाऊ म्हणतो, तिथे मुलांना नवी द्राक्षबाग लावायची आहे, दिवाळीपर्यंत जागा मोकळी करून दे. ताईंनी घोटीच्या पुढे, इगतपुरीकडे एक प्लॉट घेतला आहे आणि केबिन आहे तशी तिथे न्यायची त्यांची इच्छा आहे. यजमानांचं म्हणणं, ती विकून टाकू आणि तिकडे नवं बांधू. वाहतूकवाल्याने सांगितलं आहे, "एका दिवसाचं काम आहे, आतलं सामानही काढू नका." ताई विचारतात, 'केबिन हलवण्यासाठी काय काय तयारी करू? आणि भावाने असं हाकलून दिल्याचं जे मनाला लागलं आहे, त्याचं काय करू?'

ताई,

तुमच्या पत्रात तुम्ही पडवीबद्दल आणि कट्ट्याबद्दल जितकं लिहिलं आहे, तितकं केबिनबद्दल लिहिलेलं नाही. संध्याकाळी पडवीत बसल्यावर दिसणारी बाग, कट्ट्यावर वाळत घातलेले पापड, शेजारच्या मुलांचा अभ्यास, हे सगळं केबिनच्या बाहेरचं आहे. ट्रेलरवर चढणार आहे ती फक्त लोखंडी चौकट आणि तिच्या भिंती. पडवी सुटी करावी लागेल, कट्टा तिथेच राहील, न्हाणीघराच्या टाइल्सपैकी काही तडकतील. हे तुमचं मन मोडण्यासाठी सांगत नाही. पण 'आहे तशी न्यायची' हा हट्ट सोडून 'यातलं काय न्यायचं' असा विचार केलात, तर यजमानांशी होणारा अर्धा वाद आपोआप मिटेल. पडवीचे पत्रे, पाइप, जे-हुक हे सगळं खोलून नेता येतं आणि नव्या जागी पुन्हा उभं करता येतं. कट्टा तिकडे नव्याने बांधता येईल.

यजमानांचा हिशेबही मला पुरता पटलेला नाही. नवं बांधायचं म्हटलं तरी पाया, शोषखड्डा, पाण्याची सोय, वीज जोडणी, अर्थिंग हे सगळं करावंच लागणार. केबिन नेली तरी ते करावं लागणार. म्हणजे तुलना करायची ती फक्त दोन आकड्यांची: केबिन हलवून डागडुजी करण्याचा खर्च एका बाजूला, आणि ती विकून येणारे पैसे वजा करून नव्या बांधकामाचा खर्च दुसऱ्या बाजूला. दोघांनी कागद-पेन घेऊन एकत्र बसा आणि दोन्हीकडे सारखाच येणारा खर्च आधी खोडून टाका.

पण त्याच्याही आधी प्लॉट. तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात की 'विकणाऱ्याने एनए आहे म्हणून सांगितलं, सातबारावर अजून शेतीच दिसते.' मला सगळ्या पत्रात हीच ओळ सर्वांत काळजीची वाटली. चाकांवर आलेलं किंवा क्रेनने ठेवलेलं घर म्हणजे बांधकाम नव्हे, त्याला परवानगी लागत नाही, हा समज आपल्याकडे फार पसरला आहे. पाया खणला की नाही एवढ्यावर हा प्रश्न सुटत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये प्रश्न आहे जमिनीच्या वापराचा. शेतजमिनीवर शेतीच्या कामासाठी शेतघर उभारणं ही एक गोष्ट, आणि राहण्यासाठी घर ठेवणं ही दुसरी. तेव्हा अकृषिक (एनए) आदेशाची प्रत, मंजूर लेआउटचा नकाशा आणि प्लॉटपर्यंतचा रस्ता त्या नकाशात आहे का, एवढं हातात घेऊन तहसील कचेरीत आणि ग्रामपंचायतीत विचारा. आणखी एक. इगतपुरी तालुक्यातली काही गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. जमीन मुळात आदिवासी खातेदाराची असेल, तर ती बिगरआदिवासीकडे जायला जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, भाडेपट्टा असला तरीही. जुने फेरफार काढून एखाद्या वकिलाला दाखवा. हे कागद स्वच्छ होईपर्यंत वाहतूकवाल्याला बयाणासुद्धा देऊ नका. एकदा उचललेली केबिन रस्त्याकडेला ठेवून कागदपत्रांची वाट बघता येत नाही.

आता दिवाळीची मुदत. नव्या बागेसाठी चर खणणं, शेणखत भरणं ही कामं साधारण पावसाळा सरल्यावर होतात, आणि ज्यांच्यावर पुढे द्राक्षाचं कलम करतात ते डॉगरिजसारखे खुंट लावतात ते जानेवारी-फेब्रुवारीत. म्हणजे तुमचा तुकडा भावाला खरोखर कधी हवा आहे, हे विचारण्यासारखं आहे. दिवाळी ही त्याने सहज बोललेली तारीख असू शकते. शिवाय दिवाळीच्या सुमाराला गिरणाऱ्याची काळी माती वरून सुकलेली दिसली तरी आतून ओली असते. तिच्यावर हायड्रा (चाकांवरची क्रेन) आणि ट्रेलर उभा करणं धोक्याचं आहे: चाक रुतलं की क्रेन कलते, आणि त्या वेळी तिच्या बूमला, म्हणजे लांब हाताला, तुमचं घर लटकत असेल. भावाला हे समजावून डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंतची मुदत मागा. शेतकरी माणूस आहे, मातीची भाषा त्याला लगेच कळेल.

मुदत मिळाली की पहिलं काम केबिनच्या खाली. टॉर्च आणि हातोडी देऊन एक अनुभवी वेल्डर तळाच्या चॅनलखाली, म्हणजे केबिन ज्या लोखंडी तुळयांवर बसली आहे त्यांच्याखाली, घाला. चॅनल सगळीकडे ठोकून बघायचं. जिथे आवाज बद्द येतो, पापुद्रे सुटतात, तिथे गंज आत गेला आहे. न्हाणीघराखालचा भाग विशेष बघा, कारण गळती तिथेच मुरते आणि वरून कधी कळत नाही. चार कोपरे आणि उचलायचे हुक जिथे जोडले आहेत ते वेल्ड यांच्यावर सगळं वजन येणार आहे. गरज असेल तिथे पट्ट्या आणि गसेट (कोपऱ्याला जोर देणारे त्रिकोणी तुकडे) मारून घ्या. तळ सगळाच खाल्लेला निघाला, तर ताई, हट्ट करू नका. अशी केबिन हवेत वाकते. (वेल्डरला आत घालण्याआधी काठी आपटून खालची जागा मोकळी करा. थंडाव्याला साप येऊन बसतात, द्राक्षपट्ट्यात घोणस आणि नाग दोन्ही आहेत.)

तळ चांगला असेल, तर पुढचा अडथळा आहे रुंदी. हा मुद्दा वाहतूकवाले सहसा सांगत नाहीत. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे रस्त्यावरच्या वाहनाची रुंदी २.६ मीटरच्या आत हवी. तुमची केबिन दहा फूट, म्हणजे ३.०५ मीटर. ट्रेलरच्या दोन्ही बाजूंनी ती बाहेर येणार. जहाजावरच्या कंटेनरचं घर केलेलं असतं तर हा प्रश्न आला नसता, कारण तो ८ फूट, म्हणजे २.४४ मीटर रुंद असतो. तुमच्या मापाला मोठ्या मालाची परवानगी काढावी लागेल, वाहतूकदार तिला ओडीसी म्हणतात. परवानगीशिवाय बाजूने माल बाहेर काढून नेल्यास मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीपासून २०,००० रुपयांचा दंड आहे, आणि जास्तीचा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे जाऊ देत नाहीत. केबिन अर्धी कापून उतरवता येत नाही, एवढं लक्षात घ्या. "आम्ही नेहमी अशाच नेतो, रात्री कुणी बघत नाही" असं उत्तर मिळालं तर तो माणूस बदला. परवानगी कोण काढणार, तिचा खर्च कुणाकडे, हे करारात लिहून घ्या.

इथे एक मधला रस्ता आहे. तुमच्या भिंती पफ पॅनलच्या आहेत. त्या बोल्टने किंवा रिव्हेटने जोडलेल्या असतील, तर केबिन सुटी करून पॅनल, छत आणि तळ वेगवेगळे नेता येतात. चॅनलही तोडून जोडता येतात. साध्या ट्रकमध्ये बसणारा माल झाला की ओडीसीही नको आणि मोठी क्रेनही नको. मजुरी वाढेल, सांध्यांना पुन्हा सिलंट भरावं लागेल, वायरिंग नव्याने करावं लागेल. पण प्लॉटकडचा शेवटचा रस्ता अरुंद असेल तर हाच पर्याय खरा. तो रस्ता यजमानांनी टेप घेऊन स्वतः चालून मोजावा. वळणं, मोऱ्या, झाडांच्या फांद्या, आडव्या गेलेल्या तारा, सगळं. ट्रेलरच्या पाट्यावर ठेवलेली केबिन जमिनीपासून जवळपास चार मीटर उंच होते, आणि गावातल्या खांबावरून घरात जाणाऱ्या सर्व्हिस वायरी कितीतरी ठिकाणी त्याच्या खाली लोंबतात. पुढे एक पोरगा बांबू घेऊन चालतो आणि तारा उचलतो, हा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो. तुमच्या कामात तो चालू देऊ नका. एखाद्याचा जीव जाईल. जिथे तार अडते तिथे महावितरणच्या कार्यालयात आधी अर्ज देऊन त्या तासापुरता पुरवठा बंद करून घ्यायचा. शहराजवळून जाताना २०२७ च्या सिंहस्थाच्या कामांसाठी कुठे रस्ता खणला आहे, तेही आदल्या दिवशी गाडीवाल्याने बघून यावं.

अख्खी केबिनच न्यायची ठरली तर उचलण्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण मोडतोड बहुतेक तिथेच होते. 'चौदा टनाची हायड्रा' म्हणजे ती चौदा टन उचलते, पण अगदी जवळ. बूम जितका लांब जाईल तितकी तिची ताकद झपाट्याने कमी होते. म्हणून क्रेन केबिनपासून किती अंतरावर उभी राहणार, हे आधी ठरवून तिथली जमीन मुरूम टाकून दाबून घ्या. दुसरी गोष्ट केबिन हुकाला टांगायच्या पट्ट्यांची. दोन बाजूंचे पट्टे हुकापर्यंत शक्य तितके उभे जायला हवेत. ते जमिनीशी साठ अंशांचा कोन करत असतील, तर प्रत्येक पट्ट्यावर एकूण वजनाच्या निम्म्यापेक्षा थोडा जास्त ताण येतो. तेच पट्टे आखूड वापरले आणि कोन तीस अंशांवर आला, तर प्रत्येकावर पूर्ण वजनाइतका ताण पडतो, शिवाय ते केबिनच्या वरच्या कडा आत दाबतात. पॅनल चेपतात, दरवाजे अडकतात ते यामुळे. तुमच्या मापाच्या केबिनला साठ अंश साधायचे तर हुक छतापासून जवळपास एकोणीस फूट वर हवा. म्हणजे बूमचं टोक जमिनीपासून तीस फुटांच्या वर जाणार. आता शेतात उभं राहून वर बघा: ११ केव्हीची लाइन कुठून जाते? ती जवळ असेल तर तिथेही पुरवठा बंद करून घेतल्याशिवाय क्रेन लावायची नाही. उंची मिळतच नसेल तर स्प्रेडर बीम (पट्टे रुंद पसरून धरणारी आडवी लोखंडी तुळई) मागवा. त्याने पट्टे सरळ खाली येतात आणि उंचीही कमी लागते.

उचलताना आधी वीतभर वर घेऊन थांबायला सांगा. पाच मिनिटं. तळ मध्ये झोळ खातो का, कुठल्या वेल्डचा आवाज येतो का, केबिन एका बाजूला कलते का, ते चारही बाजूंनी दुरून बघा. काही वावगं दिसलं तर खाली ठेवा आणि दुरुस्त करा. केबिन हवेत असताना खाली हात घालायचा नाही आणि आत माणूस ठेवायचा नाही, "सामान धरायला" म्हणूनही नाही.

'आतलं सामान काढू नका' हा सल्ला तर मानूच नका. हजार लिटरची टाकी भरलेली राहिली तर ते एक टन वजन आहे. टाकी, नळ, गीझर सगळं रिकामं करा. सिलिंडर, इन्व्हर्टरची बॅटरी, फ्रिज, कपाटातली भांडी, आरसे बाहेर काढून वेगळ्या टेम्पोने न्या, सिलिंडर आणि बॅटरी उभीच ठेवून. एसी असेल तर मेकॅनिककडून गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेऊन मगच नळ्या सोडवा. पंखे उतरवा. खिडक्यांच्या सरकत्या काचा काढून गादीत गुंडाळा. दरवाजा आणि खिडक्यांच्या रिकाम्या चौकटींत आतून तिरप्या पट्ट्या ठोका, म्हणजे वाटेतल्या हादऱ्यांनी चौकट काटकोनातून सुटत नाही. वायरिंग सोडण्याआधी प्रत्येक जोडाचा फोटो काढून वायरीला चिठ्ठी चिकटवा. न्हाणीघरातल्या टाइल्सच्या त्याच रंगाची एखादी पेटी आताच घेऊन ठेवा, नंतर तो रंग मिळत नाही. देव आणि तुळस तुम्ही आधल्या दिवशी स्वतः घेऊन जाल, ते मला सांगायला नको.

वाहतूकवाल्याच्या पावतीवर केबिनची किंमत लिहून घ्या आणि प्रवासाचा विमा काढा. किंमत लिहिलेली नसेल तर नुकसानभरपाईची गाडी भाड्याच्या पटीत कुठेतरी अडकते.

आता नवी जागा. गिरणारे आणि इगतपुरी यांच्या पावसात फार मोठा फरक आहे. नाशिक शहराकडे वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, इगतपुरीला ३,००० च्या वर. तुमच्या केबिनचं सपाट छत इकडे चाललं म्हणून तिकडे चालेल असं नाही. पडवीचे पत्रे नेणारच आहात, तर त्यात भर घालून केबिनवरच उताराचं छप्पर घ्या, चारही बाजूंनी दोन-अडीच फूट बाहेर आलेलं. भिंतींच्या सांध्यांवर थेट पाणी येणार नाही आणि उन्हाळ्यात आत गारवाही राहील. जोता जमिनीपासून निदान दोन फूट उंच घ्या. वीस फुटांच्या लांबीला फक्त चार कोपऱ्यांवर ठेवू नका, मधल्या दोन आधारांसह सहा खांब हवेत. पाण्याच्या नळीने सहाही एका पातळीत तपासा. केबिन ठेवल्यावर दार घासायला लागलं, तर दार रंधायच्या आधी पातळी बघायची. काँक्रीटला पाणी मारून दोन-तीन आठवडे मुरू द्या, ते कच्चं असताना वजन ठेवू नका. चॅनल अँकर बोल्टने खांबांना बांधा, तिकडचा जूनमधला वारा रिकाम्या केबिनला सरकवू शकतो. भोवती पाणी वाहून जायला चर. आणि तळाला उचलण्याआधीच गंजरोधक रंगाचे दोन हात, कारण एकदा बसवल्यावर तिथे ब्रश पोहोचत नाही. म्हणूनच म्हणते, आधी तिकडचं जोतं, वीज आणि पाणी तयार, मग इकडे क्रेन. वीज कनेक्शन सोबत नेता येत नाही. जुनं कायमचं बंद करून अनामत रक्कम परत मागायची आणि तिकडे नवा अर्ज करायचा.

एवढं सगळं वाचून जर वाटलं की आपल्याने हे होणार नाही, किंवा वेल्डरने तळाबद्दल मान हलवली, तर विकायला दूर जाऊ नका. भावालाच विचारा. छाटणीच्या, डिपिंगच्या (घड औषधात बुडवण्याच्या), काढणीच्या दिवसांत पेठ-सुरगाण्याकडून मजूर गिरणारे भागात येतात, त्यांना राहायला धड खोली मिळत नाही. नव्या बागेच्या बांधावर सरकवून ठेवलेली केबिन भावाच्या उपयोगाची आहे. शेतातल्या शेतात सरकवणं रस्त्यावरच्या प्रवासापेक्षा कितीतरी सोपं. योग्य किंमत लावून घ्या, भाऊ आहे म्हणून फुकट देऊ नका आणि भाऊ आहे म्हणून जास्तही मागू नका. मला विचाराल तर: कागद स्वच्छ, तळ चांगला आणि शेवटचा रस्ता रुंद, या तिन्ही गोष्टी जुळल्या तर अख्खी केबिन न्या. रस्ता अडला तर सुटी करून न्या. तळ गेला असेल तर भावाला द्या आणि पडवी तेवढी घेऊन जा.

भावाबद्दल. 'हाकलून दिलं' हा शब्द तुम्ही पत्रात तीनदा लिहिला आहे. त्याने काय सांगितलं, ते मात्र एकदाच लिहिलं आहे: "मुलांना बाग लावायची आहे, तुझी सोय कर." यात आज्ञा आहे की अवघडलेपण, हे मला इथून कळणार नाही, तुम्हाला समोर बसून कळेल. इतकी वर्षं त्याने भाडं न घेता जागा दिली, हेही तुम्हीच लिहिलं आहे. आणि त्याच वाक्यात 'भावाची जमीन' असं लिहिलं आहे. ती वडिलोपार्जित असेल तर २००५ च्या दुरुस्तीपासून हिंदू वारसा कायद्यात मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. तुम्ही हक्कसोड करून दिलं आहे का, दिलं असेल तर मनापासून दिलं होतं का, हा प्रश्न कदाचित या दुखण्याच्या मुळाशी असेल. तो महत्त्वाचा आहे, पण केबिनच्या बोलण्यात तो आणू नका. मुदत मागायला जाल त्या दिवशी फक्त मुदत मागा. वाट्याचं बोलायचं असेल तर आधी यजमानांशी आणि वकिलाशी बोला, सातबारा आणि फेरफार पाहा, आणि मग वेगळ्या दिवशी, वेगळ्या बैठकीत भावापुढे ठेवा.

जाण्याआधी त्याच्या शेतातला तुमचा शोषखड्डा उपसून मुरुमाने भरून द्या. उघडा राहिला तर गुरं पडतील, आणि तिथून ट्रॅक्टर जाणार आहे. डिसेंबरपर्यंत वेळ मिळाला तर या क्रमाने करा: पहिल्या आठवड्यात प्लॉटचे कागद, मग वेल्डर, मग रस्त्याची मोजणी, आणि या तिन्हींची उत्तरं हातात आल्यावर वाहतूकवाल्यांकडून लेखी दर. त्या दरात क्रेन, पट्टे, परवानगी, विमा आणि तिकडे पातळीत बसवून देणं, हे सगळं आहे का, एकेक ओळ वाचून बघा.